स्टुडिओतला न पेटणारा दिवा

"साफ खोटं आहे हे!" ईश्वरी रेडिओला म्हणाली.

रेडिओला काय त्याचं! स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून तो आपला बोलतच राहिला. ईश्वरीने दुधाचा कप बाजूला सारला आणि आवाज मोठा केला.

रेडिओवर लेहनर सर बोलत होते. येत्या शुक्रवारी चार वाजता माझा शेवटचा कार्यक्रम, असं ते सांगत होते. गावच्या शाळाखात्याने हा रेडिओ बंद करायचं ठरवलं होतं, आणि त्यात खात्याचं काही चुकलं असं सरांना वाटत नव्हतं. गेल्या दीड वर्षात एकाही माणसाने स्टुडिओत फोन केला नव्हता. ऐकणारंच कुणी नसेल, तर वाजवायचं कुणासाठी?

"निमांड," ते शेवटी म्हणाले. कुणीच नाही. मग सवयीने त्यांनी स्टुडिओचा फोन नंबर सांगितला आणि रेकॉर्ड लावली.

पुण्याहून येऊन ईश्वरीला आठच महिने झाले होते, आणि अकरा वर्षांच्या त्या पोरीचं जर्मन अजून यथातथाच होतं. पण 'निमांड' तिला कळत होतं. खरं सांगायचं तर जरा जास्तच कळत होतं. मधल्या सुट्टीत कुणाशी खेळलीस, असं आई रोज विचारायची, तेव्हा खरं उत्तर तेच असायचं, आणि ईश्वरी काहीतरी दुसरंच सांगून वेळ मारून न्यायची.

आता हा रेडिओ म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. इंगोलश्टाटपासून आगगाडीने अर्ध्या तासावर आउएनरीड नावाचं लहानसं गाव. तीसेक वर्षांपूर्वी तिथल्या शाळाखात्याने, आजारी मुलांना घरबसल्या धडे ऐकता यावेत म्हणून, एक छोटा रेडिओ काढला. धड्यांमधल्या मोकळ्या वेळात काय वाजवायचं, ते ठरवायचं काम संगीताच्या लेहनर सरांकडे आलं. सरांना जॅझचं वेड! हळूहळू धडे बंद पडले आणि जॅझ तेवढा उरला. कागदोपत्री मात्र तो अजून शाळांचाच रेडिओ. दिवसभर यंत्रावर गाणी लागायची, आणि चार ते सहा सर स्वतः यायचे. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही इंगोलश्टाटहून रोज गाडीने यायचे.

ईश्वरीला जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सर वाजवायचे त्यात शब्द नसायचे. शाळेत, बसमध्ये, बेकरीत, जिथे जावं तिथे तिला शब्दांमागे धावावं लागायचं. इथे नुसता ट्रंपेट वाजायचा, आणि न समजल्याची लाज वाटायची नाही. बाबा इंगोलश्टाटला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत, आई तिथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत. दोघं सहाच्या आत घरी येत नसत. दुपारी वरच्या मजल्यावर वसुधाकाकूंकडे जेवायचं आणि खाली येऊन रेडिओ लावायचा, हा तिचा नेम. त्यात आता ऑक्टोबरअखेरची आठवडाभराची सुट्टी लागली होती. २००७ सालची ही गोष्ट. वर्गातल्या मुली कुठे कुठे गेल्या होत्या. ही काय करणार आहे, असं हिला कुणी विचारलंही नव्हतं.

आणि म्हणे कुणी फोन केला नाही! ईश्वरीने एकदा नाही, चार वेळा केला होता.

पहिला फोन जूनमध्ये. त्यासाठी तिने आठवडाभर वाक्यं घोकली होती. आठ रिंगा वाजल्या, मग यंत्रातली बाई बोलली, मग टूंऽ असा आवाज आला. ईश्वरीने वाक्यं म्हटली, आपलं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी सहा वाजेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. सरांनी ना तिचं नाव घेतलं, ना गाणं लावलं. आणखी तीनदा तेच. मग तिने स्वतःच ठरवून टाकलं, की आपलं जर्मन इतकं वेडंवाकडं असणार, की तिकडे सगळे पोट धरून हसले असतील. ही गोष्ट तिने आईलासुद्धा सांगितली नव्हती. आता मात्र सांगणं भाग होतं.

सांगितली ती वसुधाकाकूंच्या नीलला. नील तेरा वर्षांचा, जन्मापासून इथलाच. मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर द्यायचा जर्मनमध्ये. ही मराठीत विचारणार, तो जर्मनमध्ये सांगणार, आणि गाडी अडली की दोघं हातवारे करणार. आपण मात्र इथे सगळं मराठीतच ऐकू, नाहीतर ही गोष्ट दिवाळीपर्यंत संपायची नाही.

नील गेममध्ये डोकं घालून बसला होता. नंबर चुकला असेल, म्हणून त्याने आधी तिला उडवूनच लावलं. ईश्वरीने नंबर सुलटा म्हटला, मग उलटाही म्हणून दाखवला. तेव्हा कुठे त्याने फोन हातात घेतला. आठ रिंगा, यंत्रातली बाई, टूंऽ. नील फोनकडे बघतच राहिला.

"आल्झो... तर मग, निरोप घेणारं यंत्र आहे," तो म्हणाला. "म्हणजे फोन लागतोय. मग हे आजोबा कुणीच नाही, कुणीच नाही काय लावून बसलेत?"

"ते शुक्रवारच्या आत शोधायचं," ईश्वरी म्हणाली.

"पण तुला एवढं काय पडलंय त्याचं?"

ईश्वरीने आधी फोन जागेवर ठेवला. मग म्हणाली, "रेडिओ बंद झाला तर दुपारी माझ्याशी कोण बोलणार?"

नीलने गेम बंद केला.

मंगळवारी त्यांना तिसरा गडी मिळाला. नीलच्या वर्गातली, म्हणजे ईश्वरीच्याही शाळेतली फ्रांझी. नदीकाठच्या जुन्या शाळेच्या माळ्यावर हा स्टुडिओ होता, आणि तिथली देखभाल करणारे हाउसमाइस्टर पोगाट्स हे फ्रांझीचे वडील. त्यांचं घर शाळेच्या आवारातच. फ्रांझी म्हणजे तोंडाचा पट्टा. दहा वाक्यांतली दोन ईश्वरीच्या हाती लागायची, आणि म्हणून तिला फ्रांझीची धास्तीच वाटायची. पण फ्रांझी रहस्याच्या नावाने एका पायावर तयार झाली आणि तिघं जिना चढून माळ्यावर गेले.

वर गारठा मी म्हणत होता. सुट्टीत शाळेचं हीटिंग बंद करतात, आणि माळ्यावर एक माणूस रोज येऊन बसतो हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. दारावर 'नकाशांची खोली' अशी जुनी निळी पाटी होती आणि तिच्याखाली 'रेडिओ' असा कागद चिकटवलेला. आत लेहनर सर ओव्हरकोट घालून, बोटं उघडी राहतील असे हातमोजे चढवून, रेकॉर्डी खोक्यांत भरत होते. ईश्वरीला वाटलं होतं सर उंच असतील. ते आईच्याही खांद्याला लागले असते.

हिने तुम्हाला चार वेळा फोन केलाय, असं नीलने सांगितलं. सर हसले, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. त्यांनी टेबलावरचा लाल दिवा दाखवला. स्टुडिओत घंटा वाजली तर ती माइकवर जाते, म्हणून इथे फोन आला की हा दिवा पेटतो. नवीन फोन बसवल्यापासून, म्हणजे दीड वर्षात, तो एकदाही पेटलेला नव्हता. फोन बिघडलाय म्हणावं, तर तसंही नाही. त्यांनी रिसीव्हर उचलून तिघांच्या कानाला लावला. टोन अगदी स्वच्छ येत होता.

मग निरोपाचं यंत्र कुठाय, असं फ्रांझीने विचारलं.

"माझ्याकडे यंत्रबिंत्र नाही," सर म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही आलात, मुलांनो. मन चांगलं आहे तुमचं. पण त्यासाठी खोटं बोलू नये."

खोटं! ईश्वरीचे कान गरम झाले. ती घोकलेली वाक्यं तिथल्या तिथे म्हणून दाखवली असती तरी पुरे होतं. पण एक शब्द तोंडून फुटेल तर शपथ. तिला नुसतं रडू आलं. आणि जिना उतरताना ते फ्रांझीने बघितलं, हे तर रडण्याहून वाईट झालं.

नील मात्र अर्ध्या जिन्यात थबकला. सरांकडे यंत्र नाही, तो म्हणाला, आणि आपण फोन केला तो यंत्राने उचलला. मग ते यंत्र आहे कुठे?

बुधवारचा सगळा दिवस मोठ्या माणसांच्या टोलवाटोलवीत गेला. हेर पोगाट्सना, म्हणजे श्रीयुत पोगाट्सना, विचारलं, तर ते म्हणाले, फोन खात्याने बसवले, त्याला मी त्सुश्टेंडिश, म्हणजे जबाबदार, नाही. हा जर्मनीतला फार वजनदार शब्द बरं का! ज्याचं काम त्यानेच नीट करावं, हा त्याचा चांगला अर्थ. आणि माझं काम नाही, मला विचारू नका, हा रोजचा. मग तिघं खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या प्रमुख, फ्राउ म्हणजे श्रीमती एबरलाइन, वाईट नव्हत्या. त्यांनी फाइल काढली, पानं उलटली आणि सांगितलं, की लाइन तपासलेली आहे, चालू आहे, तशी सहीनिशी नोंद आहे. तक्रार असेल तर लेखी द्या, सुट्टीनंतर उत्तर मिळेल. म्हणजे रेडिओ बंद झाल्यावर.

"पण तुम्ही स्वतः तो नंबर कधी फिरवून पाहिलात का?" नीलने विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आम्ही कशाला फिरवू? आम्ही काही श्रोते नाही."

तिघं तोंडात मारल्यासारखे बाहेर आले. नीलने तर हात टेकले. उरला होता गुरुवार, आणि गुरुवारी सगळ्या संतांचा सण म्हणून अख्खं गाव बंद. आता काही होत नाही, तो म्हणाला, आणि घरी जाऊन पुन्हा गेम घेऊन बसला.

संध्याकाळी ईश्वरीच्या घरी नेहमीचा गोंधळ झाला. आईचा मोबाइल सापडेना. बाबांनी घरच्या फोनवरून तिचा नंबर लावला, आणि आई कान टवकारून या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागली. मोबाइल धुवायच्या कपड्यांत निघाला. ईश्वरी हातातली पोळी तशीच ठेवून वरच्या मजल्यावर धावली.

"नील, आपण यंत्र शोधत बसलोय," ती धापा टाकत म्हणाली. "त्याला हाक मारू ना! वाजेल तिथे सापडेल."

"गेनाऊ!" नील ओरडला. अगदी बरोबर!

गुरुवारी आउएनरीडमध्ये रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं आपापल्या घरच्या कबरींवर फुलं आणि दिवे लावायला गेली होती. हेर पोगाट्स आणि त्यांची बायकोही गेले होते. फ्रांझी पोट धरून मागे राहिली आणि ते दोघं फाटकाबाहेर पडताच तिचं पोट खडखडीत बरं झालं. किल्ल्यांचा जुडगा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होता. हे बरोबर नव्हतं, आणि हे तिघांनाही माहीत होतं. पण उद्या शुक्रवार होता.

नील फ्रांझीचा मोबाइल घेऊन तळमजल्यावर उभा राहिला. मुलींनी वरचा मजला धरला. नीलने हात वर केला आणि नंबर लावला. आठ रिंगा म्हणजे जेमतेम अर्धं मिनिट. दोघी जिवाचा कान करून एकेका दारापुढून पळाल्या. काहीच नाही. पुन्हा फोन, दुसरा मजला. काहीच नाही. पुन्हा फोन, पहिला मजला. रिकाम्या शाळेत त्यांच्या बुटांचा आवाज तेवढा घुमत होता. ईश्वरी रोज असल्याच एका शाळेत जायची, आणि मुलं असताना ती तिला याहून रिकामी वाटायची.

चौथ्या खेपेला ती जिन्याच्या कठड्याशी थांबली. खालून, फरशीच्याही खालून, कुणीतरी उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखा आवाज येत होता.

"तळघर!" ती किंचाळली. मराठीतच, पण फ्रांझीला बरोबर कळलं.

तळघरातल्या तिसऱ्या दाराशी पोचेपर्यंत आवाज बंद झाला. फ्रांझीने अकरा किल्ल्या लावून पाहिल्या. बारावी लागली. आत भिंतीला टेकून गुंडाळलेले नकाशे उभे होते, पलीकडे हाडांचा सापळा, कपाटावर पेंढा भरलेलं घुबड. नीलने वरून पुन्हा नंबर लावला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर, खाली घसरलेल्या आफ्रिकेच्या नकाशामागे, फोन खणखणला. आफ्रिका बाजूला केली. फोनच्या पोटातच निरोपाचं यंत्र होतं आणि त्यावर लाल आकडा उघडझाप करत होता. त्र्याण्णव.

फ्रांझीने कपाळावर हात मारला. ती पहिलीत असताना नकाशे माळ्यावरच होते. पुढे ते तळघरात आणले, तेव्हाचा गोंधळ तिला आठवत होता. माळ्यावर फक्त सर उरले. पण खात्याच्या कागदांवर ती खोली अजून नकाशांचीच. नवीन फोन बसवायला आलेल्या माणसाला सांगितलं असणार, की हा नंबर नकाशांच्या खोलीत जोड. तो बिचारा नकाशे शोधत खाली आला, नकाशे दिसले, फोन जोडला आणि गेला. वर सरांना भलताच नंबर मिळाला. सर मात्र रोज जुनाच नंबर सांगत राहिले. आणि दीड वर्षात एकाही मोठ्या माणसाला बाहेरून तो नंबर एकदा फिरवून बघावासा वाटला नाही!

नील धावत खाली आला. फ्रांझीने बटण दाबलं.

एक टॅक्सीवाला बोलला, मागच्या आठवड्यातला पियानो पुन्हा लावा म्हणून. पाय मोडून घरी पडलेल्या कुणा मुलाने सरांना धन्यवाद दिले. मग एक थकलेला, पण फार नीटस आवाज आला. फ्राउ त्सिर्नगिबल, पुलाजवळच्या वृद्धाश्रमातून. गाणं कुठलंही लावा, त्या म्हणाल्या, फक्त आधी माझं नाव घ्या. इथे मला सगळे बारा नंबर म्हणतात, खोलीवरून. त्या दर बुधवारी बोलत होत्या. मे महिन्यातला त्यांचा निरोप एवढाच होता, की मी आता तुम्हाला त्रास देणार नाही. त्यानंतर त्यांचा आवाज नव्हता.

नील हळूहळू मराठीत सांगत होता. त्याला शब्द सापडत नव्हते, पण त्या दिवशी तो प्रथमच मराठीत सांगत होता.

आणि मग यंत्रातून ईश्वरी बोलली. "नमस्कार. माझं नाव ईश्वरी. कृपया मंगळवारचं गाणं. त्यात मोठं व्हायोलिन एकटं चालत जातं."

ईश्वरीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आता फ्रांझी हसणार. सुट्टी संपली की शाळाभर होणार. पण फ्रांझी हसली नाही.

"मोठं व्हायोलिन एकटं चालत जातं," ती सावकाश म्हणाली, ईश्वरीला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. "मला नसतं सुचलं असं. तू मैदानात रोज भिंतीशी उभी असतेस. मला वाटायचं, तुला आमच्याशी बोलायचंच नसतं."

ईश्वरी काही म्हणणार, इतक्यात दारात हेर पोगाट्स उभे! फुलांची रिकामी टोपली हातात, आणि चेहरा लालबुंद. किल्ल्या कुणी घेतल्या, तळघर कुणाला विचारून उघडलं, पोट दुखत होतं ना, असा त्यांनी एकच भडिमार केला. फ्रांझीच्या तोंडचं पाणी पळालं. नीलही भिंतीला चिकटला.

बोलली ती ईश्वरी. घोकायला वेळच नव्हता.

"बिट्टं," ती म्हणाली. कृपया. "तुम्ही रागवा. नंतर. आधी ऐका. एक मिनिट."

आणि तिने बटण दाबलं. योगायोगाने लागल्या त्या फ्राउ त्सिर्नगिबल. हेर पोगाट्सनी आधी टोपली खाली ठेवली, मग टोपी काढली. एक मिनिटाची पाच झाली. शेवटी ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "माझ्या इमारतीत. दीड वर्ष. याला मीच त्सुश्टेंडिश आहे."

शुक्रवारी तीन वाजता त्यांनी स्वतः सरांना दंडाला धरून तळघरात आणलं. सर एका खोक्यावर बसले आणि सगळे निरोप ऐकले. ऐकताना ते अजिबात हलले नाहीत. ईश्वरीचा आवाज आला, तेव्हा फक्त त्यांनी मान वर केली.

"मी तुला खोटं बोलू नकोस म्हणालो," ते म्हणाले. "मला माफ कर. ते गाणं कुठलं, ते कळलंय मला."

चार वाजले. रेडिओ कधी नव्हे तो गप्प होता. सर तसेच बसून. ईश्वरीने त्यांच्या कोटाची बाही हलकेच ओढली आणि म्हणाली, "सर, लोक वाट बघतायत."

दरम्यान हेर पोगाट्सनी एक अचाट काम आरंभलं होतं. फोन बसवणारा माणूस सोमवारशिवाय येणार नव्हता. म्हणून त्यांनी तळघरातल्या फोनपासून लांबच लांब तार काढली, ती कठड्याला बांधत बांधत चार मजले वर नेली आणि सरांच्या फोनला आणि दिव्याला जोडली. स्टुडिओच्या किल्ल्या ताब्यात घ्यायला फ्राउ एबरलाइन आल्या, त्या या तारेत पाय अडकूनच. त्यांना काही सांगावं लागलं नाही. हेर पोगाट्सनी त्यांना तळघरात नेऊन घुबडासमोर बसवलं आणि बटण दाबलं.

अर्ध्या तासाने त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या चष्म्यामागचे डोळे लाल होते. किल्ल्या राहू द्या, त्या म्हणाल्या. बंद करण्याचा हुकूम त्या मागे घेत होत्या, आणि तसं त्यांनी तिथेच रेकॉर्डींच्या खोक्यावर कागद ठेवून लिहून, सही करून दिलं. "आमच्या फाइलीत सगळं बरोबर होतं," त्या तिघांना म्हणाल्या. "एकदा नंबर फिरवण्याची अक्कल तेवढी नव्हती. ती तुम्ही दाखवलीत. मी खात्याच्या वतीने तुमचे आभार मानते, आणि माझ्या वतीनेही." तोवर ऑफिसातून लवकर सुटलेले आईबाबा आणि वसुधाकाकूही जिना चढून आले होते. बाबांनी ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला. आईला एवढंच समजेना, की लेक चार महिने फोन करत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. तिने ईश्वरीला जवळ ओढलं ते सोडलंच नाही.

सर माइकपुढे बसले होते. काय घडलं ते त्यांनी सरळ सांगितलं, मग यादी काढून एकेकाचं नाव घेतलं. टॅक्सीवाला, पाय मोडलेला मुलगा, सगळे. ईश्वरीचं गाणं लागलं. सुरुवातीला ते जाड आवाजाचं वाद्य एकटंच चालत होतं, आणि बऱ्याच वेळाने त्याला बाकीची वाद्यं येऊन मिळाली. तेवढ्यात दिवा पेटला! टॅक्सीवालाच होता. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. नील आणि फ्रांझी पाळीपाळीने फोन घेत होते.

एक नाव सरांनी शेवटी ठेवलं होतं. "फ्राउ त्सिर्नगिबल," ते म्हणाले, "हे तुमच्यासाठी. फार उशीर झाला." त्यांनी रेकॉर्ड लावली. गाणं संपलं. दिवा पेटला नाही. त्यांनी पुन्हा बाईंचं नाव घेतलं, दुसरं गाणं लावलं. बाहेर अंधार पडला होता. मे महिन्यानंतर त्या बाईंचा फोन नव्हता, आणि त्याचा अर्थ काय असू शकतो हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. कुणी एकमेकांकडे बघत नव्हतं. ईश्वरी दिव्यापाशी उभी होती. तिला बाकी काही नको होतं.

तिसरं गाणं चालू असताना दिवा पेटला.

सर रिसीव्हरकडे हात नेऊन थांबले. त्यांनी ईश्वरीकडे पाहिलं आणि मान हलवली. ईश्वरीने रिसीव्हर उचलला.

"शाळेचा रेडिओ," ती म्हणाली. "मी ईश्वरी बोलतेय."

पलीकडून तो नीटस आवाज आला. "कुणीच उत्तर दिलं नाही तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

वाक्य सगळंच्या सगळं ईश्वरीला कळलं. एक शब्दही निसटला नाही.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.

फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. गाणं संपेपर्यंत ईश्वरी दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली. तेच गाणं तिला पलीकडूनही ऐकू येत होतं, बारा नंबरच्या खोलीतल्या रेडिओवरून.